सहा खुर्च्या आणि एक शाब्बास

"खुर्ची विणायला कारागिरी लागत नाही, नियोजन लागतं!"

हे वाक्य मी भर सभेत शोभेल अशा आवेशात म्हणालो. अडचण एवढीच, की वाक्याच्या सुरुवातीला मी खुर्चीवर होतो आणि शेवटी खुर्चीच्या आत! कर्रर्र! वेताची बैठक फाटली, गुडघे हनुवटीला टेकले आणि बूड जमिनीच्या वर वीतभर लोंबत राहिलं. हातातला चहा मात्र जागच्या जागी! थेंब सांडला नाही! याला म्हणतात नियोजन.

"आधी त्यातून बाहेर या," ही म्हणाली. ही म्हणजे आमची ही. "तरी मी कधीची सांगतेय, वेत पार झिजलाय. उद्या कोणाला तरी बोलावून नवीन विणून घेऊ."

"कोणाला तरी? घरात मी असताना?"

"तुम्ही आहात म्हणूनच म्हणतेय!"

आता या खुर्च्यांचं महत्त्व तुम्हाला सांगायला हवं. माझ्या सासऱ्यांनी जन्मभर शाळेत पोरांना सुतारकाम शिकवलं, आणि आमच्या लग्नात या सहा खुर्च्या स्वतःच्या हातांनी करून दिल्या. लाकूड अजून ठणठणीत, कुठे कुरकुर नाही. सासऱ्यांना मी जावई म्हणून पसंत आहे, पण माझे हात त्यांना पसंत नाहीत. मी भिंतीत ठोकलेला खिळा ते येता-जाता दोन बोटांनी अलगद उपसतात, खिशात टाकतात आणि हवापाण्याच्या गप्पा मारू लागतात. एक शब्द बोलत नाहीत! बोलले असते तर परवडलं असतं.

तर, पुढच्या रविवारी त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आमच्या घरी व्हायचा होता. माझ्या डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं. सासरे येतात. नव्याकोऱ्या बैठकीवर हात फिरवतात. "कोणी विणली?" असं विचारतात. आणि मग म्हणतात, "शाब्बास!" लग्नाला वीस वर्षं झाली, पण हा शब्द त्यांच्या तोंडून माझ्या वाट्याला आलेला नाही. मला तो हवा होता. हसू नका! अगदी मनापासून हवा होता.

मी कारखान्याच्या नियोजन खात्यात आहे. एक वस्तू पूर्ण करून मग दुसरीला हात लावणाऱ्याला आमच्याकडे अडाणी समजतात. सगळा माल एकदम पुढे सरकला पाहिजे! म्हणून शनिवारी मी कात्री घेतली आणि सहाही खुर्च्यांच्या बैठका सपासप कापून काढल्या.

ही भाजी घेऊन आली आणि दारातच थबकली. "अहो! यातल्या चार धड होत्या!"

"आता सगळ्या सारख्या झाल्या की नाही? हीच तर पहिली पायरी!"

"आणि जेवायला बसायचं कशावर?"

"जमिनीवर! पचनाला चांगलं असतं!"

हिने भाजीची पिशवी जमिनीवर ठेवली. दुसरीकडे ठेवायला जागाच नव्हती.

वेताच्या पट्ट्या आणायला गेलो तर तो दुकानदार स्वतः प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला! "तुम्ही विणणार? स्वतः?" असं म्हणून त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मी न मागता जास्तीची दोन भेंडोळी बांधून दिली. मला वाटलं, माणूस दिलदार आहे.

या पट्ट्या विणण्याआधी पाण्यात भिजवाव्या लागतात, नाहीतर कटाकट मोडतात. रविवारी सकाळीच बाथरूममधला मोठा टब त्यांनी भरून गेला. हिला म्हटलं, तू फक्त पाणी बदलत राहा. पट्ट्या मऊ झाल्या की मी त्या बाहेर पॅसेजमध्ये आणून खुर्च्यांच्या पाठीवर निथळत टाकायचो. सहा खुर्च्या ओळीने मांडलेल्या! खाली पाणी साचायला लागलं म्हणून प्रत्येक खुर्चीखाली एकेक भांडं सरकवलं. दोन बादल्या, एक घमेलं, दोन पातेली आणि कुंडीखालचं ताट. जुन्या वेताच्या धुळीने शिंका येत होत्या, म्हणून नाकाला रुमाल बांधला होता. लेंगा गुडघ्यापर्यंत खोचला होता.

अशात खालच्या मजल्यावरच्या काकू जिना चढून आल्या. या काकूंच्या कानावर गेलेली गोष्ट गच्चीपर्यंत पोचायला फार वेळ लागत नाही.

काकूंनी बूड नसलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं. खालच्या भांड्यांकडे पाहिलं. मग रुमालवाल्या माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात भरलेली बादली होती.

"अगं बाई! कधीपासून?"

"सकाळपासून! नुसती पळापळ चाललीय!"

"सहाच्या सहा लागतात?"

"सहाही! एकदम! माझी पद्धतच तशी आहे, काकू!"

काकू एक पायरी खाली सरकल्या. "आणि बायको कशी आहे?"

"ती बाथरूममध्ये आहे. तीही सकाळपासून तिथेच."

काकू आणखी एक पायरी खाली गेल्या. "अरे, पण पुढच्या रविवारी तुझे सासरे येणार ना? अशात त्या म्हाताऱ्या माणसाला कशाला बोलावतोस?"

"मुद्दाम बोलावलंय! पहिला मान त्यांचाच! पहिले तेच बसणार!"

काकूंनी पदर नाकाला लावला आणि त्या वयात कोणी उतरू नये अशा वेगाने जिना उतरल्या. मला वाटलं, बाईंना कामाची आठवण झाली असेल.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. उघडतो तर माणूस नाही! उंबऱ्यावर डझनभर केळी. परत टकटक. मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली. मग औषधांची पाकिटं. देणारे एवढे लाजाळू, की नुसती धावती पावलं ऐकू यायची.

"बघ! कष्टाची कदर आहे लोकांना!" मी केळं सोलत म्हणालो.

"पण औषधं कशाला?" हिने विचारलं.

"अगं, हातांना फोड येतात ना!"

सोमवारी उजाडता उजाडता साहेबांचा फोन. इमारतीतलाच कोणीतरी कारखान्यात असल्यामुळे बातमी तिथेही पोचली होती. "सगळं कळलं मला. आठवडाभर इकडे फिरकू नका. आणि हात धुवा! सारखे धुवा!"

"साहेब, काम पाण्यातलंच आहे, हात धुतलेलेच असतात!"

पलीकडे साहेबांनी फोन घाईघाईने ठेवला. मी तर नाचायचाच बाकी राहिलो! जो माणूस लग्नाच्या वाढदिवसाला अर्ध्या दिवसाची रजा देत नाही, तो खुर्च्या विणायला आठवडा देतो! माझ्या अंगात दहा कारागिरांचं बळ आलं.

आणि मग मी विणायला बसलो! काय सांगू तुम्हाला! बैठकीच्या चौकटीला चारी बाजूंनी भोकं असतात. त्यांतून पट्टी ओवायची, ताणायची, पलीकडच्या भोकातून काढायची. पण सरळ ठेवलेल्या खुर्चीवर वाकून वाकून माझी पाठ धरली. शिवाय खुर्चीची पाठ सारखी नाकाला लागायची. मी डोकं लढवलं. खुर्च्या उलट्या केल्या! पाय वर, पाठ कडेवरून खाली लोंबत. दोन टेबलावर, चार आमच्या पलंगाच्या चारी कडांना. आता सगळं कसं हाताशी! आधी सहाही खुर्च्यांच्या उभ्या पट्ट्या, मग सहाहींच्या आडव्या, मग तिरप्या. एक टप्पा संपल्याशिवाय दुसरा नाही, आणि शेवटचा टप्पा संपल्याशिवाय एकही खुर्ची हलवायची नाही! पलंग गेला, म्हणून आम्ही बाहेरच्या खोलीत सतरंजीवर झोपत होतो. पण शुक्रवारपर्यंत अशी जाळी उमटली, की ज्याचं नाव ते! एकसारखी भोकं, एकसारखा ताण! टिचकी मारली तर टणकन वाजायची!

ही चहा घेऊन आली, वाकून पाहिलं आणि पहिल्यांदाच म्हणाली, "खरंच छान दिसतंय हो!"

"वाळू दे रात्रभर. उद्या सरळ करू. परवा बाबा बसतील!"

पण बाबा परवा आलेच नाहीत. शनिवारी सकाळीच दारात उभे! एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात औषधांचा डबा, चेहरा उतरलेला.

"कोण कोण उठून बसतंय?" त्यांनी विचारलं.

"बाबा? तुम्ही आजच? आणि सगळे बसतायत की! म्हणजे अजून बसत नाहीयेत, पण बसतील!"

"त्या खालच्या बाईंचा फोन होता. त्यांच्या कपाटाचं दार बसवून दिलं होतं ना मी, तेव्हापासून त्यांच्याकडे माझा नंबर आहे. म्हणाल्या, घरात दोघंही आडवे आहेत, जुलाब थांबत नाहीत, खुर्च्यांची बुडं कापून खाली भांडी लावायची वेळ आलीय, तुम्ही येऊ नका. म्हटलं, पोरगी आजारी आणि मी येऊ नको?"

मी आणि ही एकमेकांकडे बघत राहिलो. केळी! औषधं! हात धुवा!

"अगं आई गं!" हिने तोंडावर हात ठेवला. "म्हणून भाजीवाला मला पैसे जमिनीवर ठेवायला सांगत होता! मी आता इमारतीत तोंड कसं दाखवू?"

मलाही क्षणभर घाम फुटला. सोमवारी साहेबांना काय सांगायचं? पण तो विचार मी झटकून टाकला. जुलाबाचं काय, लोक विसरतात. खुर्च्या कायमच्या!

"बाबा, आम्ही ठणठणीत आहोत! आत चला! डोळे मिटा!"

सासऱ्यांनी डोळे मिटले नाहीत. ते तसल्यातले नाहीत. ते टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी पहिली खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, गर्रकन फिरवली आणि धप्पकन त्यांच्यासमोर मांडली.

"बघा!"

मीही बघितलं.

तुम्ही हुशार आहात, तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं! उलट्या खुर्चीवर विणलं, म्हणजे सगळी सुंदर जाळी खालच्या अंगाला! वर काय? वर नुसत्या गाठी, फेरे आणि पट्ट्यांची टोकं चौकटीभर ताठ उभी! आणि बैठक लाकडाच्या खाली गेल्यामुळे खुर्ची अशी खोलगट, की जणू परातीला पाय लावलेत!

मी दुसरी फिरवली. तशीच. धावत पलंगाकडे गेलो, चारही फिरवल्या. सहाच्या सहा सारख्या! एकीतही फरक नाही! एकेक करत गेलो असतो तर पहिल्याच खुर्चीला कळलं असतं.

"तू तरी सांगायचंस!" मी हिच्यावर ओरडलो.

"मला वाटलं, तुमच्या नियोजनातच असेल!" ती म्हणाली आणि हसू दाबत चहा टाकायला आत पळाली.

सासरे पुढे झाले. त्यांनी एक टोक बोटाने वाकवून पाहिलं. मग, मी "नको, नको" म्हणत असताना, ते खरोखर त्या खुर्चीत बसले. बसले आणि लगेच उठले. चष्मा पुसला. आता हवापाण्यावर काहीतरी बोलतील असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, अगदी रडू फुटायच्या बेतात होतो! आठवडाभर राबलो होतो हो!

पण सासऱ्यांनी सतरंजी ओढली, खुर्चीपुढे पसरली, गुडघे टेकले आणि पंचाहत्तरीला आलेला तो माणूस चक्क पाठीवर आडवा होऊन खुर्चीखाली सरकला! बाहेर फक्त पाय आणि पोट. मीही वाकून बघायला लागलो. ते खालून एकेका पट्टीवर बोट फिरवत होते.

"ताण बरोबर आहे," ते पुटपुटले. "तिरप्या पट्ट्याही बरोबर ओवल्यात. कुठे घर चुकलं नाही." आणि हळूच, अगदी हळूच, पण स्पष्ट म्हणाले, "शाब्बास!"

मी ताडकन उठलो, टेबलाची कड डोक्याला लागली, पण लागली तर लागली! "अगं ए! धावत ये! बाबा मला शाब्बास म्हणाले! आत्ता! स्वतःच्या तोंडाने!"

ही हातात चहाची गाळणी घेऊनच धावत आली आणि खुर्चीपाशी उकिडवी बसली. "खरंच, बाबा? यांना शाब्बास म्हणालात तुम्ही?"

खुर्चीखालचे पाय जरा हलले. मग आवाज आला.

"मी म्हटलं, मला उठवा. कंबर धरलीय."

उठवलं मी त्यांना. काय करणार? पण ते शाब्बासच म्हणाले होते, आईशप्पथ! तुम्ही तिथे असायला हवे होतात.