टेकडीवरून दिसणारा समुद्र

गोंदिया जिल्ह्यात समुद्र दिसणारं घर एकच, आणि ते माझं! हसू नका. २००६ साली आम्ही सालेकसाजवळच्या टेकडीवर राहायला आलो. पाच-सहा घरं, मोहाची झाडं, आणि कोणाला कसलीच घाई नाही. तिथला कोंबडासुद्धा ऊन अंगावर आल्यावर आरवायचा! हिवाळ्यात पहाटे खालच्या धानाच्या बांध्या धुक्यात बुडायच्या. चहा निवून जायचा, पण माझी नजर हलायची नाही. पांढऱ्या लाटा, आणि मधूनच पळसाचा शेंडा, गलबतासारखा तरंगणारा.

त्याच धुंदीत मी मुर्री गावी सासूबाईंना फोन लावला. "माय, आमच्या अंगणातून धुक्याचा समुद्र दिसून राहिला!"

त्यातला 'धुक्याचा' तेवढा रेंजनं गिळला.

सासूबाई, शकुंतलाबाई, सत्तरीच्या. उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. दुसऱ्याच दिवशी दुपारी काळी-पिवळी जीप धापा टाकत टेकडी चढली. आधी सासूबाई उतरल्या. मग त्यांच्या शेजारणी उतरल्या. उतरतच राहिल्या!

"जवाईबापू, कुठी हाय समुद्र?"

समोर लख्ख ऊन आणि हिरवी शेतं.

"माय, तो... सकाळी येते."

"काऊन? दुपारी ड्यूटीवर जाते काय?"

माझ्या बायकोनं, प्रेमिलानं, माझ्याकडे असं पाहिलं की न पेटवलेली चूल पेटावी! पाहुण्या मुक्कामाला राहिल्या. धुक्यासाठी कधी कोणी नवस बोललं असेल का? मी बोललो.

पहाटे दार उघडलं आणि जिवात जीव आला. काठोकाठ धुकं! बाया शाली गुंडाळून अंगणात उभ्या राहिल्या. सासूबाईंनी हळूच हात जोडले.

"बाप्पा! केवढा हाय!"

त्यांचे डोळे भरले. खरं सांगतो, क्षणभर मलाही लाटांचा आवाज आला.

तेवढ्यात समुद्रात सायकलची घंटी वाजली! लाटा फोडत शेजारचा बिसराम दुधाच्या कॅनसकट वर आला. अगदी कोरडा!

"बाबू, पानी किती खोल हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"कोनतं पानी, आजी? धुकं होय थे! खाली माह्या वावरात लाखोळी पेरली हाय."

मी चपलांकडे बघत बसलो. सासूबाई अंगणाच्या कडेला जाऊन खाली वाकल्या. मग म्हणाल्या, "लाखोळी? कवळी हाय?"

"होव, एकदम कवळी."

"मंग चला वो बायांनो, भाजी तोडाले!"

पदर खोचून सगळ्या समुद्रात शिरल्या. आधी गुडघे बुडाले, मग कंबर, मग डोकी! वर आली ती फक्त बांगड्यांची किणकिण आणि हसणं. बिसराम सायकल टाकून मागं धावला, "अवो माय, पुरी नोका तोडू!"

पाहुण्या गेल्यावर दोन दिवसांनी भीतभीतच मी मेव्हण्याला, खुशालला, फोन केला. "माय रागावली काय?"

"नाही जी. भाजी मस्त होती म्हनते. पुढच्या खेपेले भाजी भराले मोठी चुंगडी घेऊन येते."

"अन् समुद्राचं?"

"गावभर सांगून राहिली ना! म्हनते, मी आतपर्यंत जाऊन आली. समुद्रात लुगडं जराकसंच ओलं होते."