शून्य ताकदीचा सेनापती

मी उंदरांना दोष देत नाही. दुष्काळात त्यांनी तरी काय खावं? पण त्यांनी सोसायटीची टँकरची टोकनं खाल्ली, आणि ते माझ्या लक्षात आलं नेमकं टँकर यायच्या दिवशी सकाळी.

मी आमच्या गावच्या सोसायटीचा सचिव (म्हणजे कपाट आणि शिव्या सांभाळणारा). घरटी एक टोकन, टोकनामागे चार घागरी, असा आमचा शिरस्ता. मागे एकदा टोकनाविना टँकर सोडला, तेव्हा चेअरमन आबासाहेबांचं धोतर गर्दीतच राहिलं होतं. "आज गोंधळ झाला तर तुमी अन् तुमची नोकरी," असा त्यांचा सकाळीच निरोप आला.

आता माझ्या छंदाबद्दल सांगायला हवं. मी पटावरची युद्धं खेळतो. पटावर नद्या, डोंगर, रस्ते, आणि पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्यांचं सैन्य. प्रत्येक सोंगटीवर रणगाडा, तोफ, शिपाई नाहीतर सेनापती, खाली त्याच्या ताकदीचा आकडा. अंबाजोगाईला कॉलेजात होतो तेव्हापासून मी आणि आश्रुबा कंपाउंडर लढतोय. माझ्याकडे एकोणीस पेट्या आहेत आणि आजवर एकही सोंगटी हरवलेली नाही (लग्नातली अंगठी हरवली, पण तो विषय वेगळा).

आमचं सोडून घरं नव्वद. मी छातीवर दगड ठेवून नव्वद सोंगट्या काढल्या आणि पाठीवर सोसायटीचा शिक्का मारायला बसलो.

"अवो, आधी आपलं टोकन बाजूला ठिवा," माझी बायको चतुराबाई म्हणाली. "रांजण कोरडा हाय अन् उद्या माझी आई येनार हाय."

"ठेवलं!" मी म्हणालो. खरंच ठेवलं होतं. सोनेरी चांदणीवाला सेनापती, माझा सर्वांत लाडका. तो लोकांच्या ओल्या हातात द्यायला जीव होईना, म्हणून घरासाठी खिशात घातला.

वाटप होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच छबुबाई पुढे आली. "माज्या टोकनावर आठ लिवलंय. आठ घागरी घाला."

"छबुबाई, ती आक्रमणाची ताकद आहे."

"मंग हायच की माज्यात!"

मागून कडूबाई ओरडली, "हिला आठ अन् मला दोन? कावून? माजा शिपाई काय उपाशी हाय का?"

घागरी वाजायला लागल्या. आबासाहेबांनी एका हाताने धोतर घट्ट धरलं, दुसऱ्या हाताने एक सोंगटी उलटीसुलटी पाहिली आणि निकाल दिला, "शिक्का सोसायटीचा, मंग आकडाबी सोसायटीचा. सचिव, पुकारा!"

मी घाबरून कर्ण्यावरून तीनदा ओरडलो, "आकड्याप्रमाणे पाणी! कुणाचीही गय केली जाणार नाही!"

आणि काय सांगू, बायकांनी दहा मिनिटांत आपसात अदलाबदल केली. दोन म्हाताऱ्यांच्या घरचा रणगाडा बारा माणसांच्या घरी गेला, कडूबाईला सहाची तोफ मिळाली. सत्तावीस वर्षांत मला इतकी चांगली फौज लावता आलेली नाही. पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी जीव मुठीत धरून परत येणाऱ्या सोंगट्या मोजत होतो. सत्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद... नव्वद! भिजलेल्या, फुगलेल्या, पण सगळ्या! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

तेवढ्यात रांगेतलं शेवटचं माणूस पुढे आलं. चतुराबाई. डोक्यावर घागर, काखेत घागर. मी ऐटीत खिशातून सेनापती काढून दिला. नळीवर आश्रुबा उभा होता. त्याने सोंगटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, ह्याच्यावर शून्य हाय."

"म्हंजी?"

नव्वद बायका भरलेल्या घागरी घेऊन बघत थांबल्या होत्या. कर्णा अजून माझ्याच हातात होता. मी चाचरत म्हणालो, "अगं, सेनापती स्वतः काही करत नाही ना. नुसते हुकूम सोडतो. म्हणून त्याची ताकद शून्य."

चतुराबाईने सोंगटी माझ्या खिशात परत घातली आणि रिकाम्या घागरी माझ्या दोन्ही हातांत दिल्या.

"ते ठाव हाय मला," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून बघतीय."