गवताची प्रकृती उत्तम

मैदानातलं गवत वाळलं, तेव्हा मैदान-अधिकाऱ्यांनी वरिष्ठांकडे पाणी मागितलं. पाणी मंजूर झालं नाही, रंग झाला. फवारे मारल्यावर दुपारपर्यंत मैदान हिरवंगार झालं, आणि रीतसर तपासणीसाठी तपासनीसबाई यंत्र घेऊन हजर झाल्या.

यंत्र गवतावर उजेड टाकी, परत आलेला मोजी आणि गवताची प्रकृती सांगे. ते म्हणालं, ‘उत्तम’. बाईंना मात्र राहवेना. त्यांनी वाकून मूठभर गवत ओढलं. ते काहीही कुरकुर न करता मुळासकट हातात आलं. बाईंची बोटं तेवढी हिरवी झाली.

"साहेब, हे मेलंय," त्या मैदान-अधिकाऱ्यांना म्हणाल्या.

"यंत्र काय म्हणतं?"

"यंत्र फसलंय. जिवंत पान लाल उजेड खातं. हा रंगही खातो. खाणारा कोण, ते यंत्राला कळत नाही."

"मग तुम्ही कशाला कळून घेता?" साहेब कळकळीने म्हणाले. "आणि उपटल्यावर कुठलं गवत जगतं हो?"

अहवाल ‘उत्तम’ असाच गेला. बाईंचा शेरा ‘यंत्राचा अवमान’ म्हणून वगळण्यात आला. इतक्या धडधाकट गवताला पाणी कशाला, असा प्रश्न ओघानेच निघाला आणि होते तेवढे नळही बंद झाले. कोपऱ्यात एका गळक्या तोटीखाली हातभर गवत खरोखरच जिवंत होतं. फवारा तिथवर पोचला नव्हता, त्यामुळे त्याचा आकडा रंगवलेल्या गवतापेक्षा कमी भरला. ते रोगट ठरलं. साथ पसरू नये म्हणून ते खणून काढण्यात आलं. बाई आडव्या आल्या, तर मजुरांनी त्यांना अदबीने उचलून बाजूला ठेवलं.

बाई इरेला पेटल्या. त्यांनी मैदानाभोवतालच्या रहिवाशांची सभा भरवली आणि वाळक्या मुळांचं घमेलं सगळ्यांसमोर फिरवलं.

"रंग थांबवा, नवं गवत पेरू. काही महिने माती दिसेल, पण मग पोरं खऱ्या गवतावर खेळतील. कबूल असेल त्यांनी हात वर करा."

एकच हात वर झाला. तो बाईंचा होता.

"आणि रंग हवा असणाऱ्यांनी?"

सभागृहभर हात उठले. त्यांत बाईंच्या नवऱ्याचाही होता.

"अहो, तुम्हीसुद्धा?"

"अगं, सकाळी चहा घेताना समोर काय बघायचं? माती?"

"खोटं आहे ते!"

"हिरवं आहे ना पण."

बाई घमेलं उचलून निघून गेल्या. पुढे सभा चांगलीच रंगली. पोपटी की गर्द, यावर शेजारी शेजाऱ्याच्या अंगावर धावून गेला.

तुम्ही गर्दच्या बाजूने होतात ना?