दोन माणसांचं तेल

महादेवरावांच्या पत्नी जयवंताबाई गेल्या त्याला दीड महिना झाला होता. महादेवरावांना ते खरं कळलं नऊ तारखेला, रॉकेलचा डबा रिकामा झाला तेव्हा.

त्या वर्षी सरकारनं तेलावरचा कर वाढवला होता. महादेवरावांनी दूध निम्मं केलं, पेपर बंद केला आणि सरकारला शिव्या देत स्टोव्ह पेटवत राहिले. पण महिनाभर पुरणारं तेल नऊ दिवसांत संपलं. कर भावावर होता, मापावर नव्हता. म्हणजे चोरी! सगळी नोकरी खापरखेड्याला कोळशाच्या वाघिणी मोजण्यात गेलेली. ते थेट कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या दुकानात गेले.

"रुपराव, माप मारून राहिला का गा?"

"तुमच्या घरी दुःख झालं म्हणून ऐकून घेतो जी," दुकानदार म्हणाला. "नाही तर..."

"नाही तर काय? अर्जच करतो!"

कधी नव्हे तो अर्ज चौथ्या दिवशी पोहोचला. इन्स्पेक्टर साहेब दुकानात आले. माप तपासलं, थोडं जास्तच भरत होतं. मग त्यांनी तक्रारदाराचं रेशन कार्ड मागितलं.

"दोन माणसं. जयवंताबाई कुठे आहेत?"

रांगेत उभी असलेली शेजारची देवकी डबा खाली ठेवत म्हणाली, "त्या नाही राहिल्या जी, साहेब."

"मग नाव का नाही कमी केलं?"

"करतो म्हणत होतो," महादेवराव म्हणाले. रोजच म्हणत होते.

साहेबांनी नावावर लाल रेघ मारली. तेल निम्मं झालं. रुपराव हसला नाही, ते महादेवरावांना जास्त लागलं.

परत येताना देवकीनं विचारलं, "भाऊजी, डाळ किती वेळ शिजवता?"

"शिजेपर्यंत. दोन तास."

"न भिजवता?"

"भिजवा लागते?"

"वहिनी रोज भिजू घालत. अर्धी शिजली का स्टो बंद, अन् डाळीचा गंज झाकण लावून गोधडीत गुंडाळून ठेवत. तुमाले गरम डाळ भेटे, ते कधी पाहिलं नाही का जी?"

पाहिलं नव्हतं. गोधडीवरचे पिवळे गोल डाग मात्र पाहिले होते. त्यावरून ते बायकोला दरवर्षी बोलत.

देवकीनं बाटलीभर तेल उसनं दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवरावांनी पेटीतून गोधडी काढली, स्टोव्हजवळ अंथरली आणि स्टोव्ह पेटवला.

डाळ भिजत घालायची राहिली होती.