नऊ कोटींच्या वर्गात शून्याला स्थगिती

पाचवी 'ब'च्या मुलांना मोठ्या संख्यांतील अंकांची स्थानिक किंमत समजली पाहिजे, असा निर्णय नेरूळच्या एका शाळेत शहाण्णव सालच्या जूनमध्ये गांभीर्याने घेण्यात आला. गणिताच्या सरोजिनीबाईंना हा निर्णय आवडला, कारण त्यांनी नुकतंच कृतियुक्त अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं होतं. शिवाय पर्यवेक्षिकेची जागा रिकामी होती. दुसरं कारण त्या बोलून दाखवत नसत.

बाईंनी वर्गात आठ खुर्च्या ओळीने मांडल्या, एककापासून कोटीपर्यंत. मुलांच्या हातात अंकांचे पुठ्ठे देऊन त्यांना बसवलं आणि चार कोटी सत्तर हजार दोनशे पाच ही संख्या जिवंत केली. तोच दोन एककाच्या खुर्चीवर बसला तर दोन आणि शतकाच्या खुर्चीवर दोनशे, हे मुलांना चटकन कळलं. बाईंना स्वतःचं इतकं कौतुक वाटलं, की डबा खायचाही राहिला.

संध्याकाळी शाळा समितीचे अध्यक्ष धर्मराज भोईर आले. मूळचे करावे गावचे, नवी मुंबईसाठी शेती गेल्यावर बिल्डर झालेले. त्यांचा नातू रूपेश लाखाच्या खुर्चीवर शून्य घेऊन बसला होता.

"बाई, आमचा रूपेश शून्य हाय काय?"

बाईंनी समजावलं, की शून्याने जागा धरून ठेवली नाही तर कोटीचा चार घसरत खाली येईल.

"जमिनी गेल्या तवा आमी एकदा शून्य झालो," धर्मराज शांतपणे म्हणाले. "आता शालेत परत नको."

बाईंनी रूपेशला नऊचा पुठ्ठा दिला. एवढ्याने गणिताचं काय बिघडणार, असं त्यांनी स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

मग वरदची आई आली. वैदेहीताईंनी दादरची खोली विकून इथे फ्लॅट घेतला होता, तो मुलगा पुढे जावा म्हणून. आणि शाळेने त्याला एककाच्या खुर्चीवर, अगदी शेवटी बसवलं होतं. त्यांना फार टेन्शन आलं होतं. त्यांच्या सोसायटीतल्या इतर आयांनाही ते आठवड्याभरात आलं.

मुख्याध्यापक नामदेव सरांनी समतेच्या तत्त्वावर तोडगा काढला. यापुढे सर्व खुर्च्यांचा मान सारखा राहील, प्रत्येक विद्यार्थ्यास नऊ हाच अंक देण्यात येईल आणि शून्याचा वापर पुढील आदेश होईपर्यंत स्थगित राहील. बाईंनी हरकत घेण्यासाठी तोंड उघडलं, तेव्हा पर्यवेक्षिकेच्या जागेबद्दल समिती लवकरच बसणार असल्याचं सरांनी सहज सांगितलं. बाईंनी उघडलेल्या तोंडाने "छान कल्पना आहे" असं म्हटलं.

त्यानंतर वर्गात एकच संख्या उरली. नऊ कोटी नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव. मुलं ती एका सुरात म्हणत आणि खिडकीतून ऐकणाऱ्या पालकांचा ऊर भरून येई. इतक्या मोठ्या संख्या आमच्या वेळी नव्हत्या, असंही ते म्हणत.

तपासणीला शिक्षण खात्याचे हौसेराव जगदाळे साहेब आले, तेव्हा वर्गात मागच्या बाजूला समिती आणि पालक बसले होते. सामुदायिक वाचनाने साहेब संतुष्ट झाले. केवळ काहीतरी विचारलं पाहिजे म्हणून त्यांनी विचारलं, "यात एक मिळवला तर?"

खुर्ची न मिळालेल्या मुलींमधून जाई उठली. "सगळेच्या सगळे शून्य होतात सर. आणि डावीकडे एक नवा एक आणून बसवावा लागतो."

साहेबांनी धर्मराजांकडे पाहिलं, धर्मराजांनी मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापकांनी बाईंकडे. त्या क्षणी बाईंना जाईला उचलून घ्यावंसं वाटत होतं. तीन महिन्यांत एवढं सुंदर उत्तर त्या वर्गात कुणी दिलं नव्हतं.

"चूक," बाई म्हणाल्या. "खाली बस."

साहेबांनी सुटकेचा श्वास सोडून 'उत्कृष्ट' असा शेरा दिला. पंधरवड्यात बाई पर्यवेक्षिका झाल्या.

त्या वर्गाचा निरोप घ्यायला गेल्या, तेव्हा जाई जिन्यापर्यंत मागे आली. तिने काही तक्रार केली नाही. आपलं नेमकं कुठे चुकलं, एवढंच तिला हवं होतं. दोन वेळा करून पाहिलं तरी उत्तर तेच येत होतं.

खोटं बोलणं आता बाईंना अवघड नव्हतं, पण या मुलीशी बोलवेना.

"उत्तर बरोबर होतं गं," त्या म्हणाल्या. "जागा चुकली."

जाईने थोडा विचार केला आणि मान हलवली. तिला समजलं होतं. पुढच्या तपासणीला साहेबांनी प्रश्न विचारला, तेव्हा तिने उत्तर मनात काढलं आणि हात मांडीवर ठेवला. नव्या पर्यवेक्षिकेने वर्गाच्या शिस्तीचं कौतुक केलं.

आपल्याला हा धडा कितव्या इयत्तेत झाला, ते बहुतेकांना आठवत नाही. पण मीटिंगमध्ये कुणी "काही शंका?" असं विचारलं, की आपला हात कुठे असतो ते पाहावं.