दोनदा नको

जयराजने लिऊ साहेबांना घरी मटण खायला बोलावलं, आणि सगळी रामकहाणी तिथूनच सुरू झाली. लिऊ साहेब म्हणजे त्याच्या शिरवळच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेले चिनी इंजिनिअर. परत जाताना एका सुपरवायझरला सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला चीनला नेणार होते. उमेदवार दोन, जयराज आणि निजाम. निजामला चिनीचा एक शब्द येत नव्हता. जयराज मात्र बायकोच्या भाचीकडून, सृष्टीकडून, तीन महिने चिनी शिकत होता.

शिकवणी फोनवर, तीही स्वयंपाकघरात. (रेंज फक्त ओट्याजवळ यायची, त्याला जयराज काय करणार?) त्याची बायको क्रांती तिथेच भाकऱ्या थापायची आणि तिच्याही कानावर सगळं पडायचं. शब्द पाठ झाल्यावर सृष्टी म्हणाली, खरी अडचण आता आहे, शब्द बरोबर असूनही माणूस चुकतो. कुणी कौतुक केलं तर आपली वस्तू कमीच सांगायची. कुणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा बरं.

जयराज खूश झाला. हे तर आपल्या पंगतीतलंच की! जावई नको नको म्हणतो आणि वाढून घेतो.

एक गोष्ट तो विसरला होता. पहिल्या महिन्यात लिऊ साहेब रोज कॅन्टीनमध्ये सिगारेट पुढे करायचे. जयराज नको म्हणायचा, तरी ती त्याच्या खिशात जायची. सातव्या दिवशी त्याचं डोकं फिरलं. त्याने मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांनी साहेबांना ठणकावून सांगितलं, आम्ही सातारची माणसं, एकदा नको म्हणजे नको. लिऊ साहेबांनी ते डायरीत लिहून घेतलं होतं.

तर मटण झालं. साहेबांनी दोन वाट्या रस्सा ओरपला आणि चिनीत म्हणाले, असं जेवण आयुष्यात खाल्लं नाही. जयराज नियमाने वागला. "कुठलं काय," तो चिनीत म्हणाला, "तिला येतंच काय? चव नाही."

ओट्यावर पळी आपटली. जयराजला वाटलं, हातातून निसटली असेल.

मग साहेबांनी विचारलं, ट्रेनिंगला येशील का? जयराजला आनंदाच्या उकळ्या फुटल्या, पण त्याने त्या दाबल्या. "नको साहेब, मी कसला."

साहेबांनी भुवया उंचावल्या. "नक्की?"

"नक्की नको." दोन झाले. आता तिसरा. जयराज हसरं तोंड करून बसला.

साहेबांनी खिशातून डायरी काढली, त्यातलं एक पान वाचलं, मान डोलावली आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी यादीत निजामचं नाव लागलं. निजामला साहेबांनी एकदाच विचारलं होतं आणि तो "यस सर" म्हणाला होता. जयराज दिवसभर धुमसत होता. आधी साहेबांवर, मग सृष्टीवर. ती सिगारेट आठवल्यावर स्वतःवर. घरी येऊन त्याने चपला भिरकावल्या. "सहा म्हयनं गेलं," तो ओरडला, "तिसऱ्यांदा इचारायला काय जीभ झडती व्हय त्याची?"

क्रांती तवा उतरवत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. "मला येतंच काय? चव न्हाई म्हणलासा. मी बी शिकलीया ती भाषा, ओट्याजवळ."

जयराजचा राग एका दमात विझला. भूक मात्र तशीच होती, आणि भाकऱ्या गरम होत्या. पण लगेच जेवायला बसणं त्याला बरं दिसेना.

"भाकरी वाढू?" तिने विचारलं.

"नको," तो म्हणाला आणि वाट पाहू लागला.

"खरंच नको?"

"नको." आता तिसरा.

क्रांतीने भाकऱ्या फडक्यात बांधल्या, वर ठेच्याचा डबा ठेवला आणि सगळं त्याच्या हातात दिलं. "निजामभाऊकडं देऊन या. त्यो एकदा इचारलं की व्हय म्हणतो."