सुभेदारांनी भंडारा उचलला

माझी शाळा आठवीत सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर पोटात घालावं. शब्दही साधेच आहेत. (एक इंग्रजी आहे, तो माझा नाही.)

आष्ट्याचा सयाजी लग्नानंतर पहिल्यांदाच धोंड्याच्या जेवणाला मलकापूरला सासरी गेला. अधिक महिन्यात जावई म्हणजे देव. अंगात नवा शर्ट, पाटाभोवती रांगोळी, आणि भरल्या पंगतीत सासरे लालासाहेब, फौजेतले निवृत्त सुभेदार, म्हणाले, "वाढा रं ह्या ब्लडी जावयाला."

सयाजीचा हात ताटातच थांबला. शेजारी मेव्हणा जयराज होता.

"बघ रं मोबाईलात, काय अर्थ हाय."

"रक्तानं माखलेला. शिवी हाय, दाजी," जयराज वाचू लागला. "कोन म्हनतंय, विलायतेत बड्या घरची दारुडी पोरं हुती, त्यांच्यावरनं आली. कोन म्हनतंय, मेरीमातेच्या शपथंवरनं. नक्की कुनालाच ठाव न्हाई."

"म्हंजे मी रक्तबंबाळ, न्हाईतर दारुडा." सयाजी ताटावरून उठला. (हातातला धोंडा तेवढा संपवून. अन्नाचा काय दोष?)

बायको संयोगिता मधे पडली. "आवं, आबा मलाबी म्हंत्यात, म्हशीलाबी म्हंत्यात."

"म्हशीच्या रांगंला बसाय मी आलो न्हाई. भंडारा उचलून सांगू द्या, ह्यो शब्द परत तोंडातनं काढनार न्हाई. तवाच जेवीन."

जावई उपाशी गेला तर भावकीत तोंड दाखवायची सोय नाही. सुभेदारांनी मुकाट्यानं देव्हाऱ्यातला खंडोबाचा भंडारा उचलला. आता जीव गेला तरी शपथ मोडणं नाही. सयाजी परत ऐटीत पाटावर बसला.

संध्याकाळी म्हैस पान्हवेना. रोज सुभेदार तिच्या पाठीवर थाप मारून "ब्लडी" म्हणायचे, तेव्हा ती दूध सोडायची. आज ते तोंडावर टॉवेल धरून कट्ट्यावर बसलेले. पेंड झाली, गोंजारून झालं, चरवी कोरडीच. घरानं कोरा चहा घेतला.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "भंडारा ह्यांनी उचललाय, तुमी न्हाई."

"मी न्हाई शिवी देनार. अन तीबी म्हशीला?"

"म्हस आटली तर आईचा डेरीचा रतीब बंद," संयोगिता म्हणाली. "मग मी हितंच ऱ्हाती, आईच्या मदतीला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सयाजी गोठ्यात गेला आणि इकडंतिकडं बघून हळूच "ब्लडी" म्हणाला. म्हैस ढिम्म.

"लाजताय काय?" कट्ट्यावरून सुभेदार म्हणाले. "तोंड भरून म्हना."

त्यानं तोंड भरून म्हटलं. म्हैस पान्हवली. सासूबाई धारेला बसल्या आणि चरवी भरेपर्यंत तो म्हणतच राहिला, कारण जरा थांबला की म्हैस मान वळवून त्याच्याकडे बघायची, तीही रागानंच.